चिखल्यांच्या गर्दीत एक चष्मेवाला कुरव – ओळख पटवायला मदत हवी

खाडीखुळा
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. रविवारी सकाळी भरतीच्या वेळेला खाडीच्या तोंडाशी गेलो होतो, काम नेहमीचंच, पाणी चढायला लागलं की चिखलातले सगळे पक्षी एका पट्ट्यावर गोळा होतात ते मोजायचे आणि परत यायचं. सोबत आत्या होती. तिला पक्ष्यांत काडीचा रस नाही, घरात बसून कंटाळा आला म्हणून आली. मी स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) लावून चिखले, म्हणजे चिखलात टोचून खाणारे छोटे पक्षी, मोजत होतो, दोनशे चाळीसपर्यंत आलो होतो, आणि ती माझी बायनो उलटी धरून बघत होती, मी सुलटी करून दिली. पाचेक मिनिटांनी म्हणते, "अरे, त्या एकाने चष्मा का लावलाय?"

मी लक्ष दिलं नाही. ज्यांनी हलता थवा मोजलाय त्यांना कळेल, मध्ये बोललं की आकडा गेला. तर ती पुन्हा, "पुढे टक्कल, मागे केस आणि वर चष्मा. बाकी सगळे पांढऱ्या डोक्याचे, हा एकटाच हेडक्लार्क दिसतोय." मग मात्र स्कोप फिरवला.

चिखल्यांच्या मध्ये एक छोटासा कुरव, म्हणजे सीगल, उभा. कपाळ पांढरं, डोळ्यापासून मागे मानेपर्यंत काळपट अर्धी टोपी, आणि डोळ्याच्या वर-खाली जाड पांढऱ्या कडा, अक्षरशः जाड फ्रेमचा चष्मा. चोच काळी, पाय काळपट, पाठ राखाडी, पंखांवर थोडा तपकिरीपणा. मागे तपकिरी डोक्याचे आणि काळ्या डोक्याचे कुरव होते, त्यांच्यापुढे हा लहान दिसत होता. चार फोटो जोडलेत, हवा उकळत होती त्यामुळे सगळे गढूळ आहेत, माफ करा.

प्रश्न दोन. एक, हा अमेरिकेतला फ्रँकलिन्स गल आहे असं म्हणायचं धाडस करू का? दोन, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या साइटवर) टाकू की गप्प बसू?

टिलवा२२
पहिला! आत्याला माझा नमस्कार सांगा.

स्कोपवाली
फोटो दोन आणि तीन मोठे करून बघितले. कडा खरंच जाड आहेत आणि टोपी डोक्यामागून सलग गेलेली दिसतेय. काही गोष्टी सांगू शकाल का: शेपटीवर काळा पट्टा होता का, होता तर कडेपर्यंत जात होता की आधीच थांबत होता? चोच सरळ होती की टोकाला खाली वळलेली? बसलेला असताना पंखांची टोकं शेपटीच्या किती पुढे? पंखांवर तपकिरी आहे म्हणताय म्हणजे पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू असावं, आणि त्या वयात शेपटी सगळ्यात जास्त बोलते.

सडेतोड
हे वाचून हसू आलं. थंडीत काळ्या डोक्याच्या कुरवाचा काळा रंग जातो आणि कानामागे गडद ठिपका राहतो. काहींचा ठिपका मोठा असतो, डोक्यावरून पुसटशी रेघ जाते. त्यात गढूळ फोटो. दर हिवाळ्यात कोणीतरी 'दुर्मिळ कुरव' घेऊन येतं आणि शेवटी घरचाच निघतो.

स्कोपवाली
@सडेतोड, ठिपका आणि टोपी यात फरक आहे हो. काळ्या डोक्याच्या पिल्लाची चोच बुडाशी फिकट नारिंगी असते, पायही तसेच. इथे दोन्ही काळपट आहेत. आणि त्या जाड कडा कुठून आणणार?

पाणकोंबडा
अवांतर: काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं असतं चॉकलेटी. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं पण तपकिरी. आणि थंडीत आपल्याला दिसतात तेव्हा दोघांचंही पांढरं. बारसं करणाऱ्याला विचारायला हवं नक्की काय बघून नाव ठेवलं.

टिलवा२२
+१००. मी पहिली दोन वर्षं पांढऱ्या डोक्याचा कुरव पुस्तकात शोधत होतो.

ओहोटी
माझं मत लाफिंग गल, तोही अमेरिकेतलाच. तोही अर्धी टोपी घालतो, त्यालाही डोळ्याजवळ पांढरं असतं, चोच-पाय काळे. आणि तो भरकटण्यात पटाईत आहे. २००५च्या ऑक्टोबरात विल्मा चक्रीवादळ झालं त्यानंतर नोव्हेंबरात ब्रिटन-फ्रान्सच्या किनाऱ्यावर लाफिंग गल्सचा पाऊसच पडला होता, वाऱ्याने अख्खा अटलांटिक ओलांडून दिला त्यांना. एका पक्ष्यावरून फ्रँकलिन्स म्हणून उडी मारण्याआधी हा पर्याय नीट बाद करा.

खाडीखुळा
@स्कोपवाली, चोच मला सरळ आणि आखूड वाटली. शेपटी बसलेला असताना दिसलीच नाही. उडाला तेव्हा माझा डोळा स्कोपमध्ये आणि पक्षी स्कोपच्या बाहेर, नेहमीचंच.

@ओहोटी, लाफिंगचा विचार केला होता पण आकार बघा ना, मागच्या कुरवांपेक्षा चांगला लहान आहे.

ओहोटी
आकारावर जाऊ नका! मोठ्या लेन्सने काढलेल्या फोटोत मागचा पक्षी उगाच मोठा वाटतो. लांबचं लहान दिसलं पाहिजे अशी आपल्या मेंदूची सवय असते, टेलिफोटोत ते तितकं लहान होत नाही, मग मेंदू म्हणतो हा मोठाच असणार. तुमचा पक्षी पुढे आहे आणि बाकीचे मागे. एकाच रेषेत शेजारी शेजारी उभे असलेला फोटो आहे का?

निवृत्त_दुर्बीण
ओहोटी म्हणतात ते शंभर टक्के खरं. मी एकदा याच कारणाने एका साध्या कुरवाला लिटल गल म्हणून तीन जणांना फोन केले होते. लिटल गल म्हणजे जगातला सगळ्यात लहान कुरव, मी हरखून गेलो होतो. ते तिघे आले, एकाने स्कोपला डोळा लावला, काही बोलला नाही, थर्मासमधला चहा ओतला आणि मलाच पहिला कप दिला. तेव्हा समजलो.

पण फ्रँकलिन्सबद्दल एक गंमत सांगतो. बाकी कुरव वर्षातून एकदा पूर्ण पिसं बदलतात आणि दुसऱ्यांदा नुसती डोक्या-अंगाची. हा एकटा कुरव असा की वर्षातून दोनदा सगळीच्या सगळी बदलतो, उडायच्या पिसांसकट. उत्तर अमेरिकेच्या मधल्या गवताळ भागातल्या दलदलीत घरटी करतो, पाण्यावर तरंगती, बुडायला लागली की भर घालत राहतो. हिवाळ्याला पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर जातो. एवढा प्रवास म्हटल्यावर पिसं झिजणारच. एखादा पावसाळी वाऱ्याने ढकलला की मग कुठेही, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे सापडलेत भरकटलेले. तेव्हा खाडीखुळ्यांचा पक्षी अशक्य नाही.

सडेतोड
अशक्य नाही आणि आहे, यात फार अंतर असतं काका.

निवृत्त_दुर्बीण
म्हणूनच चहाची गोष्ट आधी सांगितली.

पाणकोंबडा
मी एकदा लांबून 'आयव्हरी गल' म्हणून ग्रुपवर टाकला होता, पांढराशुभ्र, एक काळा डाग नाही. थर्माकोल होता. वारा आला तेव्हा 'उडाला'.

गवतफुली
माझ्या एका मित्राने एक गुलाबी कुरव रॉस गल (ध्रुवाकडचा, गुलाबी छटेचा कुरव) म्हणून घोषित केला होता. सूर्य उगवत होता, सगळेच गुलाबी होते, तो स्वतःसुद्धा. आणि ते वेल्समधलं आठवतंय का कोणाला, २०१६मध्ये एक कुरव करीच्या पिंपात पडला आणि भगवा होऊन बाहेर आला? आंघोळ घालून पांढरा केला बिचाऱ्याला. विचार करा तो आंघोळीच्या आधी एखाद्या यादीवाल्याला दिसला असता तर.

टिलवा२२
लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला! 😂 नवीन प्रजाती, शास्त्रीय नाव सुचवा.

पाणकोंबडा
नावावरून आठवलं, या कुरवांची नावं म्हणजे उत्तर ध्रुवाची हजेरीच आहे. फ्रँकलिन म्हणजे तोच जॉन फ्रँकलिन ज्याची जहाजं बर्फात अडकून सगळे गेले. रॉस म्हणजे जेम्स क्लार्क रॉस. आणि सबीन्स गल तर भावाने भावाच्या नावे केलाय, एडवर्ड सबीनने १८१८मध्ये ग्रीनलंडजवळ पक्षी मिळवला आणि घरी बसलेल्या जोसेफ सबीनने दुसऱ्या वर्षी वर्णन छापून भावाचं नाव दिलं. आपल्याकडे भाऊ स्कोप उसना देत नाही.

भटका_कुरव
जबरदस्त! नक्की कुठली खाडी? उद्या सुट्टी टाकतोय. लोकेशन पिन पाठवा प्लीज, माझ्या ओळखीतले अजून सातआठ जण यायला तयार आहेत.

चिखलपाय
खाडीखुळा, हात जोडून विनंती, आत्ता पिन टाकू नका. कुरवाची मला काळजी नाही, तो पाण्यावरही बसेल. ज्यांच्यात तो उभा आहे त्यांची आहे. भरतीला सगळा चिखल पाण्याखाली जातो, त्या चिखल्या-तुतवारांना खायला जागा नसते, तेवढे दोनतीन तास ते दाटीवाटीने उभे राहून विश्रांती घेतात. तेवढ्यात आठ जण कॅमेरे घेऊन पुढे सरकले की थवा उठतो, चक्कर मारतो, बसतो, परत कोणी दोन पावलं पुढे गेलं की परत उठतो. दिवसभर चिखलात टोचून कमावलेली चरबी तिथेच जळते, आणि तीच त्यांना वसंतात उत्तरेला न्यायची असते.

२०२२च्या ऑक्टोबरात एका बार-टेल्ड गॉडविटने (हाही चिखलात टोचून खाणाराच) अलास्काहून निघून थेट टास्मानिया गाठलं, १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठे टेकला नाही. वय काय तर साधारण पाच महिने. त्याचे भाऊबंद त्या पट्ट्यावर उभे असतील आणि आपण चष्मा बघायला त्यांना उडवणार.

भटका_कुरव
म्हणजे ज्यांच्या ओळखी आहेत त्यांनीच बघायचं का? दरवेळी हेच होतं. आधी फोटो टाकायचे, मग 'संवेदनशील जागा आहे' म्हणून तोंड बंद. नवीन माणसाने शिकायचं कसं? मी कधी पक्षी उडवलेला नाही.

चिखलपाय
तुमच्यावर आरोप नाही हो. पण सातआठ जण म्हणालात ना, त्यातल्या किती जणांची खात्री देता?

स्कोपवाली
दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून कोणाचंच समाधान होणार नाही, तरी सांगते काय करता येतं. भरतीच्या माथ्यावर जाऊच नका. पाणी उतरायला लागल्यावर तासाभराने जा, तोवर पक्षी चिखलावर पांगतात आणि खाण्यात गुंतलेले असतात. बांधावरच थांबा, आकाशाच्या रेषेत उभे राहू नका, खाली बसा. पक्ष्यांनी माना वर केल्या की तिथेच थांबा, पाऊल मागे घ्या. तेवढं पाळणारे असतील तर खाडीखुळांनी दोघातिघांना व्यनिमधून (खासगी निरोपातून) कळवावं.

निवृत्त_दुर्बीण
गर्दीचं म्हणाल तर १९७५च्या जानेवारीत अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर न्यूबरीपोर्टला एक रॉस गल आला होता, बोनापार्ट्स गल्सच्या थव्यात. ध्रुवाजवळचा पक्षी, एवढा दक्षिणेला. हजारो माणसं बघायला गेली आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी. एका कुरवासाठी! आणि तो बिचारा नेहमीच्या कुरवांसोबत किडेबिडे टिपत होता.

वाचनमात्र
वाचतेय. मला एवढंच कळलं की कुरव म्हणजे सीगल.

ओहोटी
@खाडीखुळा, एक राहिलंच. बाकीचे कुरव किती होते? तपकिरी किती, काळे किती? तुम्ही नोंद टाकाल तेव्हा तपासणारा हे विचारणारच. ज्याने बाजूचे दोनशे नीट ओळखलेत त्याच्या एकावर विश्वास बसतो.

खाडीखुळा
इथेच तर फसलोय. 😐 चष्मेवाला दिसल्यावर बाकी सगळं सोडून दिलं. यादीत कुरवांपुढे नुसता एक्स टाकलाय, म्हणजे 'होते, पण मोजले नाहीत'.

सडेतोड
एक्स! वा. आणि चिखले?

खाडीखुळा
दोनशे चाळीसपर्यंत मोजले होते.

सडेतोड
आणि पुढचे?

खाडीखुळा
...

भटका_कुरव
आज जाऊन आलो. एकटाच गेलो, @चिखलपाय, ओहोटीला गेलो आणि बांधावरच बसलो, पक्षी एकदाही उठला नाही. चष्मेवाला मिळाला नाही, डिप. साडेतीन तास बसलो. पण तो सापडावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा एकेक कुरव बघितला, एरवी 'कुरव' म्हणून पुढे जातो. तर दोन असे सापडले ज्यांची मान लांब, कपाळ उतरतं, उतरत उतरत चोचीला मिळणारं, चोच बारीक लांब आणि डोळा फिकट. कानामागचा ठिपका नावालाच. फोटो जोडतोय. स्लेंडर-बिल्ड ना?

स्कोपवाली
हो! दोन्ही स्लेंडर-बिल्ड गल. ते कपाळ एकदा डोक्यात बसलं की विसरत नाही. अभिनंदन.

निवृत्त_दुर्बीण
याला अॅरिझोनातल्या एका थांब्यावरून नाव पडलंय, पॅटागोनिया पिकनिक टेबल इफेक्ट. एक दुर्मिळ पक्षी बघायला लोक जातात आणि तिथे दुसराच सापडतो, तो बघायला आलेल्यांना तिसरा. आपल्याकडे टेबलही नाही, नुसता बांध आहे.

खाडीखुळा
@भटका_कुरव, अभिनंदन! हे दोघं माझ्यासमोर रविवारी पण असणार, मी एक्समध्ये टाकले.

आता महत्त्वाचं. काल रात्री फोन साफ करत होतो. रविवारी एका हॅरियरने (शिकारी पक्ष्याने) थवा उठवला तेव्हा मी आत्याच्या हातात फोन दिला होता, 'धर जरा' म्हणून, आणि तिने बटण दाबून धरलं. एकसष्ट फोटो निघालेत. चाळीस तिच्या चपलेचे आहेत, पंधरा आभाळाचे, आणि उरलेल्या सहात उठलेला थवा आहे. शेवटच्या दोनात तो आहे! एकात पाठमोरा, शेपटी उघडलेली. कापून मोठा करून जोडतोय. मोबाईलचा फोटो आहे, पिक्सेल मोजता येतील इतका फाटलाय, तरी बघा.

स्कोपवाली
थांबा थांबा. मोठ्या स्क्रीनवर बघते.

टिलवा२२
रुमाल टाकून ठेवतोय.

स्कोपवाली
बघितलं. शेपटीच्या टोकाला अरुंद काळा पट्टा आहे आणि तो दोन्ही कडांना पोचत नाही, सगळ्यात बाहेरचं पीस दोन्ही बाजूंनी पांढरं सुटलंय. कुरवाला शेपटीची बारा पिसं असतात, मी डावीकडून मोजायचा प्रयत्न केला, पहिलं स्वच्छ पांढरं, दुसऱ्यापासून काळं सुरू होतंय असं दिसतं. लाफिंगच्या याच वयाच्या पिल्लाचा पट्टा रुंद आणि कडेपासून कडेपर्यंत असतो. शिवाय दुसऱ्या फोटोत पंखाची खालची बाजू पांढरी आहे आणि छातीही स्वच्छ, लाफिंगची या वयात मळकट राखाडी असते. माझ्याकडून फ्रँकलिन्स गल, पहिला हिवाळा.

ओहोटी
शेपटी मान्य. लाफिंग मागे घेतो. आधीच्या फोटोतली आखूड चोच पण आता जुळतेय.

सडेतोड
ठीक आहे. माझ्या पहिल्या प्रतिसादात हसू आलं होतं ते परत घेतो. पण नोंदीत 'अंदाजे' शब्द लिहू नका, काय दिसलं तेवढं लिहा. कडा, टोपी, चोच, पाय, शेपटीचा पट्टा, पंखाची खालची बाजू, अंतर, उजेड, आणि लाफिंग का नाही ते. सगळे फोटो टाका, गढूळही. आणि कुरवांपुढचा एक्स तसाच ठेवा, आता मागाहून आकडा बनवू नका.

खाडीखुळा
लिहून टाकलं, सहा ओळी झाल्या. यादीत निरीक्षक म्हणून आत्याचं नाव आधी, माझं नंतर. जागेचं म्हणाल तर नेमका बिंदू न देता खाडीचा मोठा भाग दिलाय, @चिखलपाय.

चिखलपाय
🙏

गवतफुली
चपलेचे चाळीस फोटो पण टाका हो, अधिवासाचे म्हणून.

नवीन_सदस्य_आत्या
मी खाडीखुळ्याची आत्या. खातं त्यानेच काढून दिलं. सगळा धागा वाचला, हेडक्लार्कचं नाव फ्रँकलिन निघालं हे समजलं. एक सांगते, मी चष्मा म्हटल्यावर याने पुरती दहा मिनिटं माझ्याकडे मान वळवली नाही, मोजतोय मोजतोय म्हणाला. मग ते चिखले किती झाले शेवटी?

खाडीखुळा
आत्या, उशीर झालाय, झोप आता.